जुनी जीप पुन्हा उभी करायचीय? आधी कागद आणि चॅसिस, रंग सगळ्यात शेवटी

गोठ्यामागं किंवा बांधावरच्या बाभळीखाली विटांवर उभी असलेली जुनी जीप बऱ्याच गावांत बघायला मिळते. कुणी हौसेनं घेतलेली असते, कुणाच्या आजोबांची असते, तर कुणाची एकेकाळची वडापाची. रंग नवा, सीट नव्या, टायर मोठे. पण इंजिन उतरवून पोत्याखाली झाकलेलं. पुढच्या सुगीला काम करू, असं म्हणता म्हणता दोन-तीन सुग्या निघून जातात आणि नव्या रंगाखालून परत गंज फुटतो.

यातल्या बऱ्याच गाड्या पैसा चुकीच्या क्रमानं खर्च झाल्यामुळं अडकतात. डोळ्याला दिसतं ते काम आधी होतं, जीव वाचवणारं काम मागं राहतं. कमी पैशात जीप पुन्हा शिवारात न्यायची असेल तर कोणतं काम कधी करायचं, काय नवं घ्यायचं, काय जुनं चालतं आणि आरटीओत काय अडतं, याची ही सविस्तर माहिती.

आपल्याकडची जुनी जीप म्हणजे नेमकी कोणती?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप गाजली. १९४५ मध्ये लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली, १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. या कंपनीनं विलीजच्या जीपची जोडणी भारतात सुरू केली आणि पुढं तीच बांधणी अनेक वर्षं चालवली. सीजे ३बी, सीजे ३४०, एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, कमांडर ही नावं गावाकडच्या मेकॅनिकला तोंडपाठ असतात. २०१० मध्ये आलेली पहिली थारही याच घराण्यातली.

या गाड्यांचा मोठा गुण म्हणजे साधी रचना. खाली शिडीसारखी चॅसिस, चारही बाजूंना पाटे, वरती बोल्टनं बसवलेली बॉडी. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पाना, हातोडा, वेल्डिंग आणि लेथ एवढ्यावर बरीचशी कामं तालुक्याच्या ठिकाणी होतात.

इंजिनं मात्र वेगवेगळी असतात. ५४० ला प्यूजो बनावटीचं २,११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन यायचं. नंतरच्या काही गाड्यांना २,४९८ सीसीचं एक्सडी३पी आलं. कमांडरसारख्या गाड्यांत २,५२३ सीसीचं डीआय इंजिन बऱ्याचदा दिसतं. प्यूजो इंजिनाला सुरू होताना हीटर प्लग लागतात, डीआयला लागत नाहीत. सकाळी गाडी सुरूच होत नाही म्हणून इंजिन खोलायला निघालेल्यांनी आधी हीटर प्लग तपासावेत.

पहिलं काम: कागद

जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा बघतो, तसा आरसीवरचा बोजाही बघायचा. जुन्या गाडीवर वीस वर्षांपूर्वीच्या कर्जाची नोंद तशीच असू शकते. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ती नोंद निघत नाही. कर्ज देणारी पतसंस्था बंद पडली असेल तर हे काम आणखी लांबतं.

पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

- आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का. गंज घासून, खडू फिरवून नंबर वाचावा. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या किंवा नवी पट्टी वेल्ड केल्याच्या खुणा असतील तर गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडावेत.
- इंजिन नंबर जुळतो का. जुन्या जीपांची इंजिनं अनेकदा बदललेली असतात. बदल आरसीवर चढलेला नसेल तर तो पुढच्या मालकाच्या गळ्यात येतो.
- आरसीवरचं नाव विकणाऱ्याचंच आहे का. मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. ते काम वारसाकडून आधी करून घ्यावं.
- गाडी ऑनलाइन दिसते का. एमएच मालिकेच्या आधीचे जुने नंबर असलेल्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेली नसते. ती आरटीओतून चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक लागतं. झेरॉक्सवर व्यवहार करू नये.

खरेदीनंतर फॉर्म २९ आणि ३० भरून ३० दिवसांच्या आत नाव बदलाचा अर्ज करावा. गाडी दुसऱ्या आरटीओकडं नोंदलेली असेल तर तिथला ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो.

सरकारी लिलावातली जीप स्वस्तात मिळते, अशी एक समजूत गावात आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालू राहत नाही, त्या भंगारात काढायच्या असतात. अशी गाडी "कागद नंतर होतील" या बोलीवर कुणी विकत असेल तर ते कागद होणारच नाहीत, हे धरून चालावं.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी बाद झाली का?

नाही. डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा दिल्ली आणि परिसरासाठी आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करता येतं. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो.

खर्च मात्र वाढलाय. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये केलं गेलं. यावर पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेलेली असेल तर महिन्यागणिक दंड चढतो. म्हणून जीपचा सौदा करताना नोंदणी कधी संपली ते बघून हा सगळा आकडा आरटीओतून काढून घ्यावा आणि किमतीत धरूनच बोलावं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

दुसरं काम: चॅसिस

जीप कितीही चकचकीत असली तरी आधी खाली वाकून बघायचं. चॅसिस कुजलेली असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात.

लहान हातोडा घेऊन चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी ठोकत जावं. धड पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पाटे जिथं चॅसिसला जोडले जातात ते हँगर, बॉडी टेकते त्या जागा आणि मागचं आडवं मेंबर इथं चिखल साठतो आणि गंज आतून लागतो. या जागा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघाव्यात. उसाच्या फडात, भातखाचरात किंवा कोकणाच्या बाजूला वापरलेल्या गाडीत हे जास्त सापडतं.

चॅसिस वाकडी आहे का हे बघायला टेप पुरतो. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्या हँगरपर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत अशी तिरकी मापं घ्यावीत. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. बोटभर फरक असेल तर गाडीला कधीतरी मोठा मार बसलाय.

थोडी जागा कुजली असेल तर तेवढा भाग कापून, जाड पट्टी दोन्ही बाजूंना लांबपर्यंत नेऊन वेल्डिंग करतात. नुसता जोड टोकाला टोक लावून केला तर खड्ड्यात तिथंच तडकतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडावी, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवावी. रिकाम्या टाकीला घाईत वेल्डिंग करायला जाऊ नये. आत साठलेल्या वाफेनं ती फुटू शकते. चॅसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग अजिबात लावू नये.

हँगर, मधली मेंबरं आणि दोन्ही बाजू अशी बऱ्याच ठिकाणी चॅसिस गेली असेल तर थांबावं. दुसऱ्या गाडीची चॅसिस टाकणं म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडीची ओळखच बदलणं. अशी गाडी सुट्या भागांसाठी घेणं वेगळं आणि चालवण्यासाठी घेणं वेगळं.

पैशाची वाटणी आधी कागदावर

काम सुरू करण्याआधी हातातला सगळा पैसा चार वाटण्यांत लिहून काढावा. पहिली वाटणी कागद, कर, विमा. दुसरी चॅसिस, ब्रेक, स्टेअरिंग, टायर. तिसरी इंजिन, गिअर आणि वायरिंग. चौथी न दिसणाऱ्या खर्चाची. जुनी गाडी खोलली की आतून काही ना काही निघतंच, त्यामुळं एकूण पैशाचा चौथा हिस्सा शेवटपर्यंत हात न लावता ठेवावा. तो उरला तर त्यातून रंग आणि सीट.

गाडी एकदम पूर्ण खोलू नये. एक भाग उतरवायचा, दुरुस्त करायचा, बसवायचा, मग पुढचा. सगळी गाडी खोलून पैसे संपले की नट-बोल्ट हरवतात, मेकॅनिक बदलतो आणि नव्या मेकॅनिकला कोणता भाग कुठला हे कळत नाही. खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा, बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून वर नाव लिहावं.

ब्रेक: इथं काटकसर नको

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. बऱ्याच जुन्या मॉडेलना ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. घाटरस्त्याच्या गावात हे लक्षात ठेवायलाच हवं.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे रबरी भाग ब्रेक लागतायत असं वाटलं तरी बदलावेत. मास्टर सिलिंडर आणि चाकाच्या सिलिंडरची किट, रबरी होज पाइप नवेच घ्यावेत. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर किट टिकत नाही, सिलिंडरच बदलावा. ब्रेकचे रबर डिझेल-पेट्रोलनं धुऊ नयेत आणि ब्रेक ऑइलऐवजी दुसरं कुठलंही ऑइल भरू नये. रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात किंवा जातात.

जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली चॅसिसला असतो. झाकण उघडण्याआधी वरची माती पूर्ण पुसावी, नाहीतर तीच माती ऑइलमध्ये पडते. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करावी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. पाण्यानं भिजवून पुसावं.

हँडब्रेकची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागं, शाफ्टला असतो. त्यामुळं मागचं एक चाक जॅकनं उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण हवेतलं चाक मोकळं फिरतं. पंक्चर काढताना, गाडीखाली काम करताना बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड किंवा लाकडी ओंडके लावल्याशिवाय जॅक लावू नये.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. विटा आणि सिमेंटच्या ब्लॉकवरही भरवसा नको, ते एकदम फुटतात आणि आधी इशारा देत नाहीत. जाड, सपाट लाकडी ओंडके किंवा लोखंडी स्टँड चॅसिसखाली लावूनच खाली जावं.

स्टेअरिंग आणि पाटे

स्टेअरिंग दोन-तीन बोटांपेक्षा जास्त मोकळं फिरत असेल तर टाय रॉड एंड, बेल क्रँक, किंग पिनचे बेअरिंग आणि स्टेअरिंग बॉक्स या क्रमानं तपासावं. एकानं स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघायचं. ढिला सांधा हाताला लगेच कळतो. ठराविक वेगाला पुढची चाकं जोरात थरथरत असतील तर बहुतेक वेळा किंग पिन आणि टाय रॉडचं काम असतं. बॉक्स घट्ट करून हे जात नाही, उलट स्टेअरिंग जड होतं.

पाट्यांची पानं तुटलेली नाहीत ना, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट घट्ट आहेत ना, शॅकलचे बुश झिजलेत का हे बघावं. बुश आणि पिन स्वस्तात होतात आणि गाडीचा अर्धा खडखडाट तिथंच थांबतो. उंच दिसावी म्हणून जास्तीची पानं घालू नयेत. गाडी कडक होते, शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात.

इंजिन: खोलण्याआधी स्वस्तातल्या तपासण्या

इंजिन उतरवणं हा सगळ्यात मोठा खर्च. म्हणून आधी पुढचं बघून घ्यावं.

- गाडी ओढत नाही, मधेच बंद पडते: डिझेल फिल्टर, टाकीतला गाळ, डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा. जुना रबरी पाइप बदलल्यावरच अनेक गाड्या ठीक होतात.
- काळा धूर: एअर फिल्टर तुंबलेला, नोझल किंवा पंप बिघडलेला. पंप-नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानात तपासून घ्यावेत.
- निळा धूर आणि ऑइल कमी होणं: रिंग, पिस्टन किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत.
- गरम झाल्यावरही पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे: हेड गॅस्केट उडालेलं किंवा हेडला तडा. अशी गाडी तशीच चालवली तर इंजिन जाम होतं.
- ब्रीदरमधून जोरात वाफ येणं, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडणं: आता इंजिन खोलावं लागणार.

इंजिन खोललंच तर लेथवाल्याकडून बोअर आणि क्रँकचं माप लिहून घ्यावं. रिंग बदलून चालेल की लायनर-पिस्टन घालावे लागतील, क्रँक घासावा लागेल का, हे मापावर ठरतं. अंदाजावर केलेलं अर्धं काम काही महिन्यांत पुन्हा इंजिन उतरवायला लावतं. काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर ओझं न घालता, वेग न वाढवता चालवावं आणि मग ऑइल व फिल्टर बदलावा.

रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा यांच्याकडं दुर्लक्ष करू नये. चिखलात लो गिअरवर गाडी हळू चालते, बाहेरून वारा मिळत नाही. रस्त्यावर ठीक वाटणारी गाडी शेतात गरम होते ती याचमुळं.

फोर बाय फोर खरंच चालू आहे का?

पुढचा शाफ्ट काढून ठेवलेल्या अनेक जीपा बाजारात असतात. मायलेज वाढावं म्हणून कुणीतरी तो काढलेला असतो आणि पुढच्या हाउसिंगमध्ये ऑइलचा थेंब नसतो. म्हणून आरसी, शाफ्ट आणि दांडे तिन्ही बघावं.

बऱ्याच जुन्या जीपांना गिअरच्या दांड्याशेजारी दोन लहान दांडे असतात. एकानं पुढच्या चाकांना जोर जातो, दुसऱ्यानं हाय, न्यूट्रल आणि लो निवडतात. लोमध्ये ताकद साधारण अडीच पट होते. लो टाकायच्या आधी पुढचं एक्सल जोडायचं, म्हणजे सगळा भार मागच्या एक्सलवर येत नाही.

दुसरी मोठी भानगड म्हणजे रेशो. मागचं हाउसिंग एका गाडीचं आणि पुढचं दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल तर दोन्हींचे दात वेगळे असू शकतात. अशा गाडीत फोर बाय फोर टाकलं की ट्रान्स्फर केस किंवा शाफ्ट तुटतो. तपासायची सोपी रीत अशी: सपाट जागेवर बाकीच्या तिन्ही चाकांना ओट लावून मागचं एकच चाक उचला. गिअर आणि ट्रान्स्फर दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक मोकळा. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जेवढे फेरे तेवढा रेशो. पाचाला थोडे कमी आले तर ४.८८, पाच आणि वर एक तृतीयांश आले तर ५.३८. हेच पुढच्या एका चाकाला करा. पुढं फ्री व्हील हब असतील तर ते लॉक करून घ्या. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

ऑइलची पातळीही वेगवेगळी बघावी. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमधलं सील गेलं की एकीकडचं ऑइल दुसरीकडं जातं. एक कोरडी पडते, दुसरी भरून वाहते. गाडी "गूंऽऽ" करत असेल किंवा गिअर निसटत असेल तर ट्रान्स्फर केसमधले वॉशर आणि बेअरिंग झिजलेले असतात.

ही फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर वापरायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत चाक घसरून ते भागतं, कोरड्या डांबरावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. चिखल संपला की दांडा काढायचा.

वायरिंग आणि टायर

जोड देत देत गेलेलं जुनं वायरिंग हे आग लागायचं पहिलं कारण. नवा हार्नेस घालणं परवडत नसेल तर निदान हेडलाइट, स्टार्टर आणि चार्जिंगच्या वायरी नव्या घालाव्यात, प्रत्येक लाइनला फ्यूज द्यावा, हेडलाइटला रिले लावावा. बॅटरीपासून चॅसिसला आणि इंजिनला जाणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करावी. स्टार्टर खराब झालाय असं वाटणाऱ्या कितीतरी तक्रारी इथंच मिटतात. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावला तर उंदरानं वायर कुरतडली तरी रात्री धोका राहत नाही.

टायर घेताना बाजूला छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून वय कळतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला भेगा पडलेला जुना टायर घेऊ नये. चारही टायर एकाच मापाचे हवेत. जुन्या जीपचं नेहमीचं माप ६.००-१६ आहे. फार मोठे टायर घातले तर एक्सल आणि स्टेअरिंगवर भार वाढतो आणि ब्रेक कमी पडतात.

नवं काय, जुनं काय?

नवंच घ्यावं: ब्रेक किट व पाइप, टाय रॉड एंड, ऑइल सील, चाकाचे बेअरिंग, डिझेलचे रबरी पाइप, फॅन बेल्ट, शाफ्टचे क्रॉस.

दुरुस्त करून चालतं: रेडिएटर, स्टार्टर, अल्टरनेटर, ब्रेक शूला नवे लायनर, पाटे, क्लच प्लेट.

जुनं, तपासून घेतलं तर चालतं: हाउसिंग, गिअरबॉक्सचं कव्हर, शाफ्टचा पाइप, रिम, सीटचे सांगाडे, बॉनेट, मडगार्ड.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथं गाड्यांच्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. जाताना जुना भाग सोबत न्यावा. जीपचे भाग वर्षागणिक बदललेले आहेत, नुसतं नाव सांगून आणलेला भाग बसेलच असं नाही. जुनं इंजिन किंवा हाउसिंग घेताना दुकानाच्या नावाची पावती घ्यावी. पावती नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर घेणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागतात.

बदल किती करता येतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी आणि कंपनीच्या मूळ बनावटीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. म्हणजे चॅसिस लांब-आखूड करणं, बंद गाडीची उघडी करणं किंवा दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकणं हे पासिंगला अडतं. त्याच बनावटीचं इंजिन बदललं असेल तरी १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी. गंजलेला पत्रा बदलणं, त्याच रंगात रंगवणं, मूळ मापाचे भाग घालणं ही दुरुस्ती आहे, त्याला अडचण नाही. रंग बदलायचा असेल तर तो आरसीवर चढवावा लागतो.

हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणाहून तयार केलेल्या जीपा मागवायची हौस तरुणांत आहे. दिसायला देखण्या असतात, पण घेण्याआधी चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसीवरचं बॉडीचं वर्णन समोरासमोर ताडून बघावं. इथं आणून नाव बदल झालाच नाही तर ती गाडी बांधावर उभी करण्यापलीकडं उपयोगाची नाही.

मेकॅनिकशी व्यवहार

"सगळं मिळून एवढं" असा ठोक सौदा करू नये. कामाची यादी करून प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लिहावी. भाग शक्यतो मालकानं स्वतः आणून द्यावेत आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. उचल कामाच्या टप्प्यानं द्यावी: ब्रेक झाले, चालवून बघितले, मग पुढचे पैसे. पेरणी-काढणीच्या दिवसांत गॅरेजवर ट्रॅक्टरची गर्दी असते आणि जीप कोपऱ्यात पडून राहते, त्यामुळं मोठं काम मधल्या सैल दिवसांत काढावं.

शेवटी बॉडी आणि रंग

गाडी महिनाभर चालवून, गळती आणि खडखडाट मिटवून मगच पत्र्याचं काम काढावं. कुजलेला पत्रा कापून नवा घालावा. गंजावर पुट्टी भरली तर एक पावसाळा जातो, दुसऱ्या पावसाळ्यात फुगा येतो. खालून रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर आणि अंडरकोटिंग, फ्लोअरला पाणी निघून जायला भोकं मोकळी, वर साधा टिकाऊ रंग. ताडपत्रीचं हूड मापात शिवून घेतलं की जीप पावसाळ्याला तयार.

रस्त्यावर काढण्याआधी विमा, पीयूसी आणि नोंदणी चालू असल्याची खात्री करावी. खासगी नोंदणीच्या जीपमधून पैसे घेऊन माणसं नेऊ नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारायला हेच कारण पुढं करते. बाजाराच्या दिवशी जीप भरून निघतात तेव्हा आत बहुतेक घरचीच आणि शेजारचीच माणसं असतात. ब्रेकचं काम रंगाच्या आधी करायचं ते त्यांच्यासाठी.